‘डायवरची चुकी झाली तं आपन काय करनार?’

प्रश्न थोडक्यात असा. चांदूरबाजार तालुक्यातल्या एका भावाचे आईबाबा आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार आहेत. जाताना अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबई, येताना मुंबईहून नागपूर. सोबत शाळकरी पुतण्या, त्याला सिकलसेल हा रक्ताचा आजार. आईला शुगर. अहमदाबादच्या अपघातापासून बाबांनी एकच गोष्ट धरून ठेवली आहे: “येस्टीत डायवरले झोप लागली तं मांगून वरडता येते. इमानात डायवरची चुकी झाली तं आपन काय करनार बाप्पा?” भावाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. माणसाच्या चुकीनं विमान पडतं हे कितपत खरं, अहमदाबादेत वाचलेला प्रवासी बसला होता ती ‘११ए’ ही सीट मागून घ्यावी का, आणि आईबाबांची तयारी काय करून घ्यावी.

मी केबिन क्रूला सुरक्षेचं प्रशिक्षण द्यायची. नोकरीची बरीच वर्षं विमानाच्या नकली सांगाड्यात गेली: दार उघडा, ओरडा, उडी मारा, धूर सोडा, पुन्हा पहिल्यापासून. आता आर्वीला असते. इंजिनाच्या आतलं ज्ञान माझ्याकडे बेताचंच आहे. माणसं कुठं चुकतात आणि घाबरल्यावर कशी वागतात, तेवढं सांगू शकते.

बाबांचा येस्टीचा दाखला नेमका आहे. ते म्हणतात ते ‘मागून ओरडणं’ विमानवाल्यांना शिकायला फार मोठी किंमत मोजावी लागली.

२७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरीफ बेटावर दाट धुकं होतं. दोन जंबो जेट एकाच धावपट्टीवर. एक उडायला उभं, दुसऱ्याला अजून धावपट्टीवरून बाजूला व्हायचं होतं. केएलएमच्या कॅप्टनला वाटलं परवानगी मिळाली, आणि त्यानं विमान सोडलं. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली की समोरचं विमान अजून बाजूला झालं नसावं. त्यानं तसं विचारलंही. कॅप्टन ठामपणे म्हणाला, झालंय. हा कॅप्टन कंपनीतला बडा माणूस, इतर वैमानिकांना शिकवणारा. इंजिनिअरनं पुढं ताणलं नाही. ५८३ माणसं गेली. आजवरचा सर्वांत जास्त बळींचा विमान अपघात तोच.

त्यानंतरच्या काही वर्षांत जगभर एक नवं प्रशिक्षण सुरू झालं, क्रू रिसोर्स मॅनेजमेंट. आम्ही सगळे त्याला सीआरएमच म्हणतो. त्यात शिकवतात ते एवढंच की ज्युनिअरनं शंका बोलून दाखवायची, ऐकलं नाही तर आवाज चढवून पुन्हा बोलायची, आणि सीनिअरनं ती अपमान न समजता ऐकायची. कागदावर सोपं आहे. वर्गात मात्र, बापापुढं कधी मान वर न केलेल्या पोरीला ‘कॅप्टन, हे चुकतंय’ म्हणायला लावणं हे दार उघडायला शिकवण्यापेक्षा कितीतरी अवघड जायचं.

शिकवलं म्हणून दर वेळी साधतंच असंही नाही. २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरला धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, १५८ माणसं गेली, आठ वाचली. चौकशीत निघालं की कॅप्टन वाटेत बराच वेळ झोपले होते. गाढ झोपेतून उठलेल्या माणसाचं डोकं काही वेळ जड असतं, निर्णय उशिरा सुचतात. विमान नको तितक्या उंचीवरून आणि वेगानं येत होतं. को-पायलटनं ‘गो अराउंड’, म्हणजे उतरू नका, परत वर घ्या, असं एकापेक्षा जास्त वेळा सांगितलं. म्हणजे बाबा, तिथं ओरडणारा होता. ऐकणं झालं नाही.

आणि आता खास प्रवाशांसाठीचं उदाहरण. ८ जानेवारी १९८९, लंडनहून बेलफास्टला निघालेलं ब्रिटिश मिडलंडचं बोइंग ७३७. वाटेत डाव्या इंजिनाचं पातं तुटलं. विमान थरथरायला लागलं, केबिनमध्ये धूर आला. वैमानिकांनी गडबडीत उजवं इंजिन बंद केलं, म्हणजे चांगलं होतं ते. योगायोगानं थरथर कमी झाली आणि त्यांना वाटलं, बरोबर केलं. कॅप्टननं माइकवरून सांगितलं की उजव्या इंजिनात बिघाड होता, ते बंद केलंय. मागच्या कितीतरी प्रवाशांनी डाव्या इंजिनातून ठिणग्या उडताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. केबिन क्रूपैकीही काहींनी आग पाहिली होती. पण ही गोष्ट कॉकपिटपर्यंत पोहोचली नाही. आपण काय सांगणार, त्यांना माहीत असेलच, असं प्रत्येकाला वाटलं. उतरायच्या जरा आधी डाव्या इंजिनानंही जीव सोडला आणि विमान केगवर्थ गावाजवळ महामार्गाच्या बांधावर आदळलं. ४७ माणसं गेली.

म्हणून बाबांना माझं पहिलं उत्तर हे: विमानातही मागून ओरडता येतं. डोक्यावर माणसाच्या चित्राचं बटण असतं, ते दाबायचं आणि येणाऱ्या मुलीला सांगायचं. जळका वास, सीटखालून धूर, पंखावरून वाहणारं काही, इंजिनातून ज्वाळा, शेजाऱ्याच्या बॅगेतून येणारा फसफस आवाज, जे दिसलं ते. मराठीतून सांगितलं तरी चालेल, हात दाखवला तरी चालेल. हसतील का, गावंढळ म्हणतील का, हा विचार तेवढा घरी ठेवून यायचा. वर्गात मी मुलींना सांगायची की शंभर प्रवाशांनी उगाच बोलावलं तरी एकशेएकाव्या वेळी धावत जायचं.

आता ‘माणसाच्या चुकीनं विमान पडतं’ हे कितपत खरं? खरं आहे. पण कोणत्या माणसाच्या, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला काही अर्थ नाही. टीव्हीवर संध्याकाळपर्यंत वैमानिकाला फासावर चढवून मोकळे होतात, मला त्याची चीड येते.

२६ एप्रिल १९९३ चा औरंगाबादचा अपघात विदर्भातल्या कापूसवाल्यांनी तरी विसरू नये. भर दुपारी इंडियन एअरलाइन्सचं ७३७ मुंबईसाठी धावलं. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीड रस्ता जातो. त्यावरून त्याच वेळी रुईच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमान उशिरा आणि कमी उचललं गेलं, चाकं ट्रकला लागली, पुढं विजेच्या तारा, मग शेत. ११८ जणांपैकी ५५ गेले. चौकशीनं दोन कारणं दिली. एक, वैमानिकांनी नाक उचलायला उशीर केला आणि पद्धतही चुकली. दोन, उड्डाणाच्या वेळात त्या रस्त्यावरची वाहतूक थांबवायची जबाबदारी विमानतळ प्राधिकरणाची होती, ती पाळली गेली नाही. दोन्ही चुका माणसांच्याच. पण दुसरी चूक त्या दुपारची नव्हती. ती रोजच होत होती, फक्त तोवर कुणाच्या अंगावर आली नव्हती. आणि तो ट्रक चालवणारा आपल्यासारखाच कुणीतरी, गाठी वेळेवर पोहोचवायच्या म्हणून निघालेला. त्याला वेळापत्रक कोण सांगणार?

यवतमाळात २०१७ ला फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले तेव्हा आधी काय म्हटलं गेलं, आठवून पाहा. मास्क लावला नाही, हातमोजे घातले नाहीत, शेतकऱ्याची चूक. मग हळूहळू बाकीचं पुढं आलं. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढलेली, त्यामुळे फवारा थेट तोंडावर. दोन-तीन औषधं एकत्र करून मारायचा सल्ला. बारीक तुषार सोडणारे नवे पंप. दमट उकाडा, ज्यात तो प्लास्टिकचा कोट अंगावर सहन होत नाही. चूक शेवटच्या माणसाच्या हातून झाली, पण तिथवर तिला आणणारे हात बरेच होते. विमान अपघाताची नीट चौकशी हेच शोधते. आंतरराष्ट्रीय नियमांतच लिहिलंय की चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष आणि जबाबदारी वाटणं हा नाही. खटले, भरपाई हे वेगळं दालन.

अहमदाबादबद्दलही एवढंच बोलेन. १२ जून २०२५ ला उड्डाणानंतर लगेच एअर इंडियाचं १७१ पडलं, विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ गेले. जुलैमध्ये आलेल्या प्राथमिक अहवालात नोंद आहे की दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतरानं बंद स्थितीत गेले, एका वैमानिकानं दुसऱ्याला तू बंद का केलंस विचारलं, दुसऱ्यानं मी नाही म्हटलं, आणि स्विच परत चालू केले गेले. असं का झालं हे त्या अहवालात ठरवलेलं नाही. एवढ्यावरून कुणी तुम्हाला गोष्ट पूर्ण करून सांगत असेल तर ती त्याच्या मनातली गोष्ट आहे.

झोपेचा मुद्दा बाबांनीच काढला, म्हणून तोही. वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नियम आपल्याकडे २०२५ मध्ये कडक झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीच्या लँडिंगवरही मर्यादा आली. त्या डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, त्यामागं या नियमांसाठी माणसांची तयारी वेळेत न करणं हे मोठं कारण होतं, आणि मग नियमांत तात्पुरती सवलतही द्यावी लागली. लोकांचे हाल झाले, राग बरोबरच आहे. तो राग कंपनीच्या नियोजनावर काढावा. ‘क्रूचे तास संपले, उशीर होईल’ अशी घोषणा आली तर काउंटरवरच्या पोरावर धावून जाऊ नका. थकलेला माणूस उडवण्यापेक्षा तिथं दोन तास बसलेलं बरं.

तसंच, विमान उतरता उतरता एकदम जोरात आवाज करून परत वर गेलं तर आईनं देव आठवायची गरज नाही. तेच ते ‘गो अराउंड’. पाऊस, वारा, धावपट्टीवर कुत्रं, पुढचं विमान हललेलं नाही, अशी शंभर कारणं असतात. मंगळूरला जे व्हायला हवं होतं ते इथं झालं, एवढंच समजायचं.

चूक होणारच, असं धरून पुढची व्यवस्था कशी केलेली असते त्याचा एक चांगला नमुना सांगते. २० सप्टेंबर २०१८ ला मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात केबिनमध्ये हवेचा दाब ठेवणारा स्विच चालू करायचा राहून गेला. चेकलिस्टमध्ये असलेली गोष्ट, तरी राहिली. विमान वर जाऊ लागलं तशी आतली हवा विरळ झाली, कित्येकांच्या नाका-कानातून रक्त आलं. पण इशारा वाजला, मास्क आपोआप खाली पडले, वैमानिकांनी विमान खाली आणलं आणि मुंबईला परत उतरवलं. १६६ प्रवासी, सगळे जिवंत. एका हातानं केलेली चूक बाकीच्या व्यवस्थेनं झेलली.

त्या झेलण्यात एक हात प्रवाशाचाही लागतो. मास्क खाली लोंबतो, पण तो ओढल्याशिवाय प्राणवायू सुरू होत नाही. ओढायचा, नाक आणि तोंड दोन्ही झाकायचं, पट्टा डोक्यामागं. मास्कला लोंबणारी पिशवी फुगली नाही तरी हवा येत असते, घाबरून काढायचा नाही. २०१८ मध्येच अमेरिकेत साउथवेस्टच्या एका विमानाची खिडकी फुटली तेव्हा प्रवाशांनी काढलेल्या फोटोत बऱ्याच जणांचं नाक उघडं दिसतं. आपण सगळ्यांनी कोरोनात तेच केलं, म्हणून सांगते. आणि आधी स्वतःला, मग नातवाला. आईला हे पटायला वेळ लागेल, तिला कारण सांगा: पस्तीस हजार फुटांवर हवा गेली तर माणसाला शुद्धीत काम करता येतं ते साधारण अर्धा ते एक मिनिट. पोराला लावता लावता ती स्वतः पडली तर तिला कोण लावणार? मास्कमधला प्राणवायू दहा-बारा मिनिटांच्या पुढं फार पुरत नाही. तेवढ्यात वैमानिक दहा हजार फुटांपर्यंत खाली येतात, तिथं साध्या हवेत श्वास घेता येतो. विमान झपकन खाली जातंय असं वाटेल. ते मुद्दाम नेलेलं असतं.

आता माझा विषय, विमानातून बाहेर पडणं. इथं जरा थांबून वाचा आणि आईबाबांकडून एकदा घरी करून घ्या.

नवं विमान प्रवाशांसाठी मंजूर होतं तेव्हा दाखवावं लागतं की अर्धीच दारं वापरून, अंधारात, भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं होतं. त्या चाचणीत कुणी वरची कपाटं उघडून बॅग काढत नाही. खऱ्या आगीत मात्र काढतात. पासपोर्ट, लॅपटॉप, मुलीला आणलेला शालू. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं मोठं विमान उतरताना धावपट्टीवर आलेल्या तटरक्षक दलाच्या लहान विमानावर आदळलं. लहान विमानातले सहापैकी पाच जण गेले. मोठं विमान पेटलेलं, आतली घोषणायंत्रणा बंद, आठपैकी तीनच दारं वापरण्याजोगी. क्रूनं भोंग्यावरून आणि घसा फोडून सूचना दिल्या. ३७९ च्या ३७९ माणसं बाहेर आली, आणि जवळजवळ कुणाच्याही हातात सामान नव्हतं. पुढं विमान पूर्ण जळून गेलं. आमच्या क्षेत्रात हा दिवस अजून पुन्हा पुन्हा शिकवला जातो.

तर आईबाबांसाठी. पैसे, औषधं, आधार कार्ड आणि फोन एका लहान बटव्यात, तो अंगावर, कपड्याच्या आत. मग बॅगेत मागं राहण्यासारखं काही उरतच नाही आणि मोह होत नाही. दुसरं, बसल्यावर सगळ्यात जवळचं दार कोणतं ते बघायचं, पुढं आणि मागं दोन्हीकडं, आणि मधल्या ओळी मोजायच्या, सीटच्या पाठीला हात लावत. धुरात दिसत नाही, हात मोजतो. बेलोऱ्याहून अलायन्स एअरचं एटीआर असतं, पंख्याचं लहान विमान. त्यात चढायचं दार मागं डावीकडं असतं, त्याच्यासमोर उजवीकडं एक, आणि पुढं दोन्ही बाजूंना आपत्कालीन दारं. ते जमिनीपासून फार उंच नसतं, त्यामुळे घसरगुंडी नाही, सरळ उतरायचं किंवा उडी. येतानाच्या मोठ्या जेटमध्ये घसरगुंडी फुगते. तिच्यावर बसून पाय सोडायचे नाहीत. हात छातीशी घेऊन उडी मारायची. बसणारा मागच्यांचा रस्ता अडवतो.

साडीचं विचारलेलं नाही, पण मी सांगणार. आई नऊवारी नेसत असेल तर प्रश्नच नाही, काष्ट्यात पळता येतं. गोल साडी असेल तर परकर-साडी सुती असावी. नायलॉन उष्णतेनं वितळून चामडीला चिकटतं. उठताना पदर खोचायचा आणि निऱ्या वर धरायच्या. पायात मागं पट्टा असलेली चप्पल किंवा बूट, आणि उड्डाण व उतरण्याच्या वेळी ते काढून ठेवायचे नाहीत. टाचांच्या चपला नकोत, हे चांदूरबाजारच्या आईला सांगायची गरज नसावी.

पट्टा. जीपचा पट्टा कमरेजवळचं बटण दाबून सुटतो. विमानाचा पोटावरचं झाकण वर उचलून सुटतो. शिकलेली माणसंही गडबडीत कमरेजवळ बटण चाचपत बसतात. बसल्याबसल्या तीनदा लावून काढायला लावा, आणि नंतर पूर्ण प्रवासभर लावलेलाच ठेवायचा, डोक्यावरचा पट्ट्याच्या खुणेचा दिवा विझला तरी. मे २०२४ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानाला हवेचा धक्का बसला, पट्टा नसलेली माणसं छतावर आपटली, एक प्रवासी दगावला. उन्हाळ्यात दुपारी नागपुरावर उतरताना थोडे धक्के बसतातच. पट्टा लावलेल्याला त्यात काही होत नाही.

आणि भाषा. ही खरी अडचण आहे. गडबडीत क्रूच्या तोंडून इंग्रजी किंवा हिंदीच येणार, तीही ओरडून. पाच शब्द पाठ करून घ्या. ‘ब्रेस’ म्हणजे डोकं पुढच्या सीटला टेकवायचं, हात डोक्यावर, पाय जमिनीवर घट्ट आणि जरा मागं. केगवर्थच्या जखमींचा अभ्यास करूनच ही बसण्याची पद्धत सुधारली गेली. ‘इव्हॅक्युएट’ म्हणजे आता निघायचं. ‘लीव्ह एव्हरीथिंग’ म्हणजे सगळं टाका. ‘कम धिस वे’ म्हणजे आवाजाकडं या. ‘जंप’ म्हणजे उडी. ओरडणारी मुलगी उद्धट नाही. आम्ही तिला तसंच ओरडायला शिकवलेलं असतं, कारण सुन्न झालेला माणूस हळू बोललेलं ऐकत नाही. असे सुन्न होऊन सीटवर बसून राहणारे बरेच असतात. बाबा धडधाकट असतील तर त्यांचं काम सांगून ठेवा: आईचा दंड धरायचा आणि निघायचं.

सामानाचं भराभर सांगते. काडीपेटी, लायटर कुठल्याच बॅगेत नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, काउंटरवर सोडलेल्या सामानात कधीही नाही, कारण तिथं पेटली तर विझवायला माणूस नसतो. तिखट आणि लोणचं सोडायच्या सामानात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मुलीला द्यायला घेतल्या असतील तर ठेवून जा. तेलामुळे त्या आपोआप तापू शकतात, म्हणून धोकादायक मालाच्या यादीत आहेत. खर्रा घेऊन बसणाऱ्याला एवढंच सांगते की थुंकायला खिडकी उघडत नाही.

बिडी मात्र भराभर सांगायची गोष्ट नाही. संडासात जाऊन दोन झुरके मारले तर काय, असं वाटणारे आपल्याकडं आहेत. ११ जुलै १९७३ ला व्हारिग कंपनीच्या विमानाच्या संडासात आग लागली, पॅरिसच्या अलीकडं शेतात उतरवावं लागलं, १२३ जण गेले, बहुतेक धुरानं. कचऱ्याच्या डब्यात टाकलेलं थोटूक हे संभाव्य कारण मानलं गेलं. आजही संडासाच्या दारावर राखदाणी दिसते ती पिण्याची परवानगी म्हणून नाही. नियम मोडून कुणी पेटवलीच तर थोटूक कागदाच्या डब्यात जाऊ नये म्हणून ती ठेवणं सक्तीचं आहे. चूक होणार हे धरून केलेली व्यवस्था म्हणतात ती ही.

तब्येतीचं. आईचं इन्शुलिन असेल तर हातातल्या बॅगेत, डॉक्टरच्या चिठ्ठीसह. खालच्या सामानात ते गोठून वाया जाऊ शकतं. सोबत बिस्किटं. बेलोऱ्याला वेळेत पोहोचायचं म्हणून पहाटेपासून उपाशी निघू नये.

पुतण्याचं आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका. केबिनमध्ये हवेचा दाब राखलेला असला तरी तो जमिनीइतका नसतो. सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा इतका असतो. आठ हजार फूट म्हणजे चिखलदऱ्याच्या दुपटीहून जास्त. सिकलसेलचा आजार असलेल्या मुलाला तेवढ्या कमी प्राणवायूत दुखण्याचा झटका येऊ शकतो. नुसता वाहक असेल तर सहसा त्रास होत नाही, पण तुमच्या पत्रात ‘सिकलसेल आहे’ एवढंच आहे, म्हणून त्याचं सिकलसेलचं कार्ड बघा आणि उपचार चालू असलेल्या रुग्णालयात तारीख सांगून सल्ला घ्या. अलीकडं झटका येऊन गेला असेल, रक्त कमी असेल तर डॉक्टर थांबायला सांगतील किंवा कंपनीला आधी कळवून प्राणवायूची सोय करायला लावतील. भरपूर पाणी, अंगावर शाल (एसी थंड असतो), गोळ्या खिशात. आणि दुखायला लागलं तर लगेच बेल.

तुमचं गाव बेलोऱ्यापासून लांब आहे, पण नातलग तिकडचे असतील तर त्यांनाही कळू द्या. १६ एप्रिल २०२५ पासून तिथं प्रवासी विमानं उतरू लागली. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरं कापणं, सोलणं, घाण टाकणं याला कायद्यानं बंदी आहे, कारण तिथं घारी जमतात. मेलेलं ढोर ओढून धावपट्टीकडच्या नाल्यात टाकणारा, कुंपण वाकवून शेळ्या आत सोडणारा, वरातीत डीजेवरून हिरवा लेझर आभाळात फिरवणारा, हे सगळे त्या बीड रस्त्यावरच्या ट्रकइतकेच निरागस आणि तितकेच धोक्याचे. उतरत्या विमानाच्या काचेवर लेझर पडला की वैमानिकाला काही क्षण काहीच दिसत नाही. कुंपणातून रोही किंवा रानडुक्कर आत गेलेलं दिसलं तर हाकलायला आत न शिरता विमानतळाच्या गेटवर सांगायचं.

राहिली ११ए. त्या सीटवरचा प्रवासी अहमदाबादेत वाचला हे खरं, पण ते विमान कसं आदळलं आणि कुठं तुटलं यावर. मंगळूरला वाचलेले बहुतेक जण सांगाडा जिथं फाटला तिथून निघाले. पुढच्या अपघातात विमान कुठं फाटेल हे कुणी सांगू शकत नाही, आणि वेगवेगळ्या विमानांत ११ वी ओळ वेगवेगळ्या जागी येते. काही ठिकाणी ती दाराजवळ असते, काही ठिकाणी दारापासून चांगलीच लांब. आपत्कालीन दाराच्या ओळीतली सीट तर आईबाबांना देणारच नाहीत. तिथं दार उघडू शकेल आणि सूचना समजतील असाच माणूस बसवतात. त्या सीटसाठी जादा पैसे भरण्यापेक्षा तिघं जवळजवळ बसतील एवढं बघा. वेगळे बसलेले घरचे लोक आगीतही उलट दिशेनं एकमेकांना शोधायला जातात, ते फार वाईट. एटीआरमध्ये वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सीट असतात. तेव्हा पुतण्या खिडकीला, त्याच्याशेजारी आई, आणि वाटेपलीकडच्या सीटवर बाबा. तिकीट काढतानाच तसं सांगा, ऐन वेळी काउंटरवर मिळेल याचा भरवसा नाही.